आधी गाडी थांबवून दाखव: ट्रक ड्रायव्हरची मुलाखत आणि ट्रायल

मोहोळ तालुक्यातल्या एका तरुणानं विचारलंय: "वय 26. हेवीचं लायसन्स दोन वर्षांपूर्वी काढलं. दोन हंगाम ऊसाचा ट्रक चालवला, मधल्या काळात मुरमाचा टिपर. आता चिंचोळी एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टमधनं फोन आलाय. शुक्रवारी मुलाखत आणि दहाचाकीवर ट्रायल. मागच्या वर्षी एका ठिकाणी रिव्हर्स घेताना नापास झालो, तेव्हापासून धास्ती आहे. काका, तिथं काय विचारतात, काय बघतात? आणि एक जुना अपघात आहे, तो सांगावा का लपवावा?"

वयानं तू माझ्या थोरल्या पोराएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी 22 वर्षं गाडीवर काढली. सहाचाकीनं सुरुवात, शेवटची सहा वर्षं सिमेंटचा बल्कर. क्लच दाबून दाबून गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा खाली उतरलो. गेली आठ वर्षं सोलापुरातच एका ट्रान्सपोर्टरकडं नव्या ड्रायव्हरांच्या ट्रायली घेतो. म्हणजे शुक्रवारी तुझ्या शेजारच्या सीटवर जो बसणार आहे, त्याच्या जागेवरून बोलतोय.

गाडी पळवता येत नाही म्हणून आजवर मी एकालाही परत पाठवलेलं नाही. पुण्याचा रस्ता चौपदरी झाल्यापासून सरळ गाडी पळवण्यात कसब असं काही राहिलंच नाही. परत गेले ते थांबता येत नव्हतं म्हणून. निघायच्या आधी थांबून गाडी बघितली नाही, रिव्हर्सला अडखळल्यावर थांबले नाहीत, पुढच्या गाडीमागं थांबता येईल एवढं अंतर ठेवलं नाही, झोप आली तर कुठं थांबणार याचं उत्तर नव्हतं. ट्रायल घेणाऱ्याच्या डोक्यात एवढंच चाललेलं असतं की तीस-चाळीस लाखांची गाडी, वर तेवढ्याच किमतीचा माल घेऊन हा पोरगा रात्री दोन वाजता उमरग्याच्या पुढं एकटा असेल, तेव्हा मला घरी झोप लागेल का? तुझी सगळी तयारी या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी कर.

आधी तुझ्या रिव्हर्सच्या दुखण्याकडं येतो. यार्डात दोन ड्रम ठेवून नाहीतर दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत मागं घ्यायला सांगतात. चार जुने ड्रायव्हर चहाचे कप घेऊन बघत उभे असतात, आणि त्यांच्यापुढं पहिल्या झटक्यात गाडी बसवायची म्हणून पोरं घाई करतात. तुझं तिथंच बिनसलं असणार. हँडब्रेक ओढून खाली उतरणारा, मागं जाऊन बघणारा पोरगा दिसला की माझे अर्धे मार्क तो तिथंच घेऊन जातो. वर बघ: लोंबती वायर, शेडचा पत्रा, झाडाची फांदी. खाली बघ: खड्डा, दगड, नाली. मग चढ. जमेल तिथं आपल्या बाजूला, म्हणजे उजवीकडं वळवत मागं घे. गाडीची शेपूट उजव्या आरशात दिसत राहते, मान बाहेर काढूनही दिसते. डावीकडं वळवत घेतलीस की सगळं आंधळं. गाडी तिरकी पडली तर थांब, पुढं घे, सरळ कर, परत ये. दोनदा पुढं-मागं केलं म्हणून कुणी नापास करत नाही, ड्रमला लावलीस की करतात.

आणि एक. मागं कुणी हात दाखवायला उभा असेल आणि तो आरशातून दिसेनासा झाला, तर जागच्या जागी थांबायचं. तो बाजूला गेला असेल म्हणून मागं सरकत राहायचं नाही. मी ट्रायलमध्ये मुद्दाम माणसाला गाडीमागं आरशाबाहेर सरकायला सांगतो. दहातले सहा-सात जण थांबत नाहीत.

गुरुवारपर्यंत एखाद्या ओळखीच्या वस्तादाची रिकामी गाडी घेऊन मोकळ्या मैदानात दोन तास मागं-पुढं कर. टिपर लांबीला आखूड असतो. दहाचाकीचं मागचं चाक वळताना आत किती कापतं, आणि चाकामागचा बॉडीचा भाग बाहेर किती फिरतो, याचा अंदाज टिपरवर येत नाही. डावं वळण घेताना मागची चाकं फुटपाथवर चढवणारे बहुतेक टिपरवालेच असतात, हा माझा अनुभव.

आता ट्रायलची सुरुवात. चावी हातात मिळाली की लगेच केबिनमध्ये चढू नकोस. गाडीभोवती एक फेरी मार, आणि दिखाव्यापुरती मारू नकोस. समोरून सुरू कर. गाडीखाली ऑइलचा, पाण्याचा, डिझेलचा थेंब पडलाय का. काचा, आरसे, दिवे, रिफ्लेक्टर. प्रत्येक टायरला टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, ठोक. भरलेला टायर खणखणतो, हवा कमी असेल तर भद्द आवाज येतो. जोड चाकांच्या मधे दगड अडकलाय का बघ, हायवेला तो सुटून मागच्या गाडीच्या काचेत जातो. चाकाच्या नटाभोवती गंजाची ताजी तांबडी रेघ दिसली तर तो नट ढिला आहे. चाकावरच्या कमानपाट्यात (स्प्रिंगमध्ये) मेन पाटा तुटलाय का. ब्रेकच्या हवेच्या टाकीचा ड्रेन ओढून पाणी काढ, पावसाळ्यात तर नक्की. स्टेपनी, जॅक, पाना, त्रिकोणी रिफ्लेक्टर, आग विझवायचं सिलिंडर आहे का विचार. यात काही सापडलं तर लगेच सांग. आम्ही बऱ्याचदा एखादी खोडी करून ठेवतो. इंडिकेटरचा बल्ब काढलेला असतो, नाहीतर डिझेलच्या टाकीचं झाकण अर्धवट लावलेलं असतं.

केबिनमध्ये आधी सीट, मग आरसे, मग पट्टा. सीट हलवल्यावर आरसे बदलतात, म्हणून हा क्रम. न्यूट्रल तपासून स्टार्टर मार, आणि मग पुन्हा थांब. ब्रेकसाठी हवा बनू दे. गेजचा काटा वर येईपर्यंत आणि बझर बंद होईपर्यंत हँडब्रेक सोडायचा नाही. तेवढ्या वेळात बोर्डवरचे दिवे बघ. बीएस-6 गाडी असेल, आणि एप्रिल 2020 नंतरची असेल तर असणारच, तर डिझेलच्या काट्याबरोबर युरियाचा, म्हणजे धूर साफ करणाऱ्या पाण्याचा, काटाही बघ. युरिया संपत आला की गाडी आधी दिवा दाखवते, तरी दुर्लक्ष केलं तर इंजिनाची ताकद कमी करून टाकते. ऊसाच्या जुन्या गाड्यांवर हे प्रकरण नव्हतं, म्हणून तुला मुद्दाम सांगतो. हवा बनली की ब्रेक दाबून ठेव आणि कान दे. फुस्स आवाज येतोय का? काटा खाली येतोय का? या एका गोष्टीनं तू बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसशील.

रस्त्यावर काय बघतात? गिअर बदलताना गाडी धक्के खाते का, क्लचवर पाय विसावलेला असतो का, टॅकोमीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात राहतो का. रिकामी गाडी दुसऱ्यात उचल, भरलेली पहिल्यात. चढावर थांबवून परत काढायला सांगतील. गाडी वीतभरही मागं जाता कामा नये. हँडब्रेकवर धरून, क्लचनं गाडी उचलतेय असं जाणवलं की मग सोड. पंधरा मिनिटं चालल्यावर शेजारचा माणूस गप्पा सुरू करेल. गाव कुठलं, लग्न झालं का, कांद्याला काय भाव आहे. ही परीक्षाच असते. त्याच्याकडं मान वळवून उत्तर देऊ नकोस. मोबाईल वाजला तर खिशात वाजू दे, त्यापेक्षा निघतानाच बंद कर.

अंतर. 60 च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. तुला पुढचा ब्रेकलाइट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढी लांबी कधीच संपलेली असते, गाडी थांबायला तर अजून सुरुवातही झालेली नसते. माझ्या वस्तादानं मला शिकवलेली पद्धत अशी: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की म्हणायचं, एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल, चार विठ्ठल. चौथ्या विठ्ठलाच्या आधी आपण त्या खांबाला पोचलो तर आपण फार चिकटलोय. पावसात आणि रात्री सहा विठ्ठल. मी ट्रायलला हे मनात मोजत बसलेला असतो, ड्रायव्हरला कळतही नाही. वेगाचं म्हणशील तर चौपदरी रस्त्यावर मालवाहू गाडीला 80 ची मर्यादा आहे, शहरात 60. पण ट्रायलमध्ये 55-60 च्या पुढं गेलास तर कुणी टाळ्या वाजवत नाही.

उताराचं मात्र सविस्तर सांगतो, कारण मुलाखतीत हमखास विचारतात आणि हमखास चुकीचं उत्तर येतं. मी नवीन होतो तेव्हा डिझेल वाचवून मालकाला खूश करायचं वेड होतं. तुळजापूरहून सोलापूरकडं घाट उतरताना भरलेली सहाचाकी न्यूट्रल केली, आणि अर्ध्यात इंजिनही बंद केलं. पहिल्या वळणाला ब्रेक लागला, दुसऱ्याला लागला, तिसऱ्याला काटा तांबड्यात आणि स्टिअरिंग दगडासारखं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, हवा बनायची थांबली. प्रत्येक ब्रेकला असलेली हवा खर्च होत गेली. डोंगराच्या बाजूला घासत घासत गाडी थांबवली, कडेची नाली होती म्हणून वाचलो. बॉडीचा एक फळका आणि डावा आरसा गेला. मालक बोलला नाही काही, पण पुढचे दोन महिने माझ्या पगारातून फळक्याचे पैसे कापले. बरं झालं. त्यानंतर घाटाच्या वर थांबल्याशिवाय मी खाली उतरलो नाही.

तर उत्तर हे: घाट सुरू व्हायच्या आधी वेग कमी करायचा, ज्या गिअरमध्ये तो चढ चढली असती त्याच गिअरमध्ये, नाहीतर आणखी एक खाली, उतरायची. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग मोडणारा ब्रेक, लावायचा. पायाचा ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. दाबून वेग मोडायचा, सोडायचा. ब्रेकचे लायनर तापले की पकड सुटते, जळका वास येतो, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. त्यांनी विचारलं की रत्नागिरीचं भाडं दिलं तर जाशील का, तर आंबा घाटाचं नाव घेऊन हे सगळं सांग. घाट चालवला नसशील तर तसंही सांग: "एकट्यानं चालवलेला नाही, पहिल्या खेपेला जुना माणूस सोबत द्या." हे ऐकून मी तरी माणूस नाकारत नाही.

आता मुलाखत. तुझ्या बाबतीत एक अडचण आधीच टेबलावर असणार, ती ओळखून जा. ऊसाचा आणि टिपरचा ड्रायव्हर म्हटलं की ट्रान्सपोर्टवाल्याच्या कपाळाला आठ्या पडतात. ऊसवाला म्हणजे कितीही भरायचं, दिवे लागोत न लागोत, गाण्यांचा डेक मोठ्यानं लावायचा. टिपरवाला म्हणजे खेपा मोजायच्या, म्हणून पळवायचं. सगळे तसे नसतात हे मलाही माहीत आहे, पण समज आहे तो आहे. त्यावर वाद घालू नकोस. उलट हंगामातून काय शिकलास ते सांग: रात्री मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेले दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चुकवत गाडी कशी चालवलीस, कारखान्याच्या गव्हाणीपुढं, म्हणजे ऊस टाकायच्या जागेपुढं, सोळा-अठरा तास रांगेत गाडी कशी सांभाळलीस. आषाढीला दिंड्या असताना कुठला रस्ता घेतोस. हे अनुभव पुण्याच्या ड्रायव्हरकडं नाहीत.

ओव्हरलोडचा प्रश्न येणारच. "पार्टीनं दोन टन जास्त टाकले तर काय करशील?" काही जण इथं मालकाला आवडेल म्हणून "नेतो की साहेब" म्हणतात, आणि समोरचा मालक खरंच तसा असेल तर नोकरी मिळतेही. पण आकडा लक्षात ठेव. तीन ॲक्सलच्या म्हणजे दहाचाकी गाडीचं एकूण वजन 28.5 टनांच्या वर जाता येत नाही, ही 2018 मध्ये वाढवलेली मर्यादा. त्यावर गेलास तर 20,000 रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. तेव्हा उत्तर द्यायचं: "काटा पावती बघतो, जास्त असेल तर तिथूनच ऑफिसला फोन करतो, तुमच्या निरोपाशिवाय गेटच्या बाहेर काढत नाही." त्यावर समोरचा हसला आणि म्हणाला की आमच्याकडं असं चालत नाही, तर तुला त्या कंपनीबद्दल कळायचं ते कळलं.

झोपेवर खरं बोल. "मला झोप येतच नाही" म्हणणाऱ्याला मी घेत नाही. झोप सगळ्यांना येते, पहाटे दोन ते पाच हमखास येते. चहा, मावा, मोठ्यानं गाणी यांनी ती पुढं ढकलली जाते, जात नाही. टोलनाक्याच्या पुढच्या पार्किंगला नाहीतर पेट्रोल पंपावर गाडी लावून वीस-तीस मिनिटं पाठ टेकतो, आणि ऑफिसला तसं कळवतो, एवढं सांगितलंस की झालं. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती; नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. प्रत्यक्षात किती पाळलं जातं ते तू ऊसाच्या रांगेत बघितलंच आहेस, पण कायदा माहीत असलेला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो.

"रस्त्यात गाडी बंद पडली तर?" कडेला घेणं, चारी इंडिकेटर, मागं लांबवर त्रिकोण, मग फोन. राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला. आणि गाडी दुरुस्त झाल्यावर चाकाखालचे, मागं मांडलेले दगड उचलून कडेला टाकायचे. हे कुणी विचारत नाही, पण तू सांग. रात्री रस्त्यात सोडलेल्या दगडावर जाऊन पडलेला मोटारसायकलवाला मी बघितलाय. या विषयावर माझं डोकं लवकर तापतं, म्हणून पुढं जातो.

"गाडी ॲव्हरेज किती द्यायची?" हा प्रश्न साधा वाटतो, पण डिझेलचोरीचा वास घेण्यासाठी विचारतात. भरलेली किती, रिकामी किती, घाटात किती असं वेगवेगळं सांग. एकच गोल आकडा सांगणाऱ्यावर संशय येतो. कागदांचंही विचारतील: बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना), पोच पावतीवर सही-शिक्का. ई-वे बिलाची मुदत साधारण 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं असते. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर त्यात गाडीचा नंबर बदलावा लागतो, हे माहीत असू दे. पोचेचा फोटो काढून ॲपवर टाकता येतो का, हेही बघतात. भाषेचं तर आपलं सोलापूर नशीबवान. कानडी, तेलुगू, उर्दू थोडी थोडी येत असेल तर न लाजता सांग. विजयपूर-हैदराबादच्या लाईनीला ते लायसन्सइतकंच कामाला येतं.

आता तुझा अपघात. लपवू नकोस. जुन्या मालकाला फोन जातोच, आणि सोलापूरचं ट्रान्सपोर्ट म्हणजे एका चहाच्या टपरीवर मावेल एवढं जग आहे. काय झालं, केस झाली का, ती मिटली का चालू आहे, हे चार वाक्यांत सांग. आणि पाचवं वाक्य म्हणजे त्यानंतर तू काय बदललंस. दोष सगळा समोरच्यावर टाकणारा माणूस मला नको असतो, आणि स्वतःला फार कोसणाराही नको. एक पोरगा मला म्हणाला होता, "मी बाळ्याच्या पुलाजवळ मागून धडकलो, कारण मी पुढच्या गाडीच्या मागं बघत होतो, तिच्या पुढं बघत नव्हतो." त्याला मी त्याच दिवशी घेतला.

याला जोडूनच विचारतील, अपघात झाला तर काय करशील. मोटार वाहन कायद्याचं 134 वं कलम सांगतं की जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था ड्रायव्हरनं करायची, आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त 24 तासांत कळवायचं. जमाव अंगावर येत असेल तर जीव वाचवायला तिथून निघणं वेगळं, पण निघून थेट पोलीस ठाण्यात जायचं. 108 आणि 112 दोन्ही नंबर तोंडपाठ असू देत. जानेवारी 2024 मधला ड्रायव्हरांचा संप तुला आठवत असेल. अपघात करून न कळवता पळाल्यास दहा वर्षांच्या शिक्षेचं ते पोटकलम जुलै 2024 मध्ये नवा कायदा लागू करताना बाजूला ठेवलं गेलं. पण न कळवता पळून जाणं आधीही गुन्हा होता, आताही आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. लायसन्सच्या कार्डावर दोन तारखा असतात, साध्या गाडीची वेगळी आणि ट्रान्सपोर्टची वेगळी. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षं. पुष्कळ जण लांबची तारीख बघून निर्धास्त राहतात आणि ट्रायलच्या दिवशी कळतं की जवळची कधीच गेली. पूर्वीची महिन्याभराची सवलत आता नाही, मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून ते लायसन्स चालत नाही. नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, त्यामुळं शाळेचा दाखला नसला तरी अडत नाही. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, फोटो, जुन्या मालकाचा नंबर, पोलीस पडताळणीचा दाखला एका फाईलमध्ये घाल. डोळे आठवड्याभरात तपासून घे. चष्मा असेल तर घालून जा, लपवून जाऊ नकोस, तांबडा-हिरवा रंग ओळखायला लावतात. पुढंमागं पाकणीच्या डेपोतनं पेट्रोल-डिझेलचे टँकर चालवायचा विचार असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते, ती तीन वर्षांची. पगार बरा असतो. आत्ता घाई नाही.

चप्पल घालून जाऊ नकोस. बूट घाल. आदल्या रात्री घेऊ नकोस, सकाळपर्यंत वास राहतो, आणि काही ठिकाणी फुंकायला लावतात. मावा खिशात असला तरी तोंडात नको. ट्रायल चालू असताना खिडकीतून पिचकारी मारणारा मला एक भेटला होता. पिचकारी वाऱ्यानं त्याच्याच खिडकीतून परत आत आली. तो चांगला ड्रायव्हर होता, खोटं कशाला बोलू.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुला काही विचारायचंय का?" तर मान हलवून उठू नकोस. महिना पगार का खेपेवर? भत्ता रोजचा किती आणि कधी हातात? किन्नर (क्लीनर) मिळणार का एकट्यानं जायचं? माल कमी उतरला, टायर फुटला, दंड लागला तर कुणाच्या खिशातून? पीएफ कापता का, आणि विमा कितीचा? गाडी कुठल्या सालची आहे? एक ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. मे महिन्यात दुपारी तीनला नळदुर्गच्या पुढं ही चैन नसते, शुद्धीवर राहण्याची सोय असते. उत्तरं कागदावर मिळाली तर उत्तम, नाहीतर घरी येऊन वहीत लिहून ठेव, तारखेसकट.

घेतलं तर काही जण म्हणतील, मूळ लायसन्स ऑफिसला जमा कर, सहा महिने. देऊ नकोस. झेरॉक्स दे, डिजिलॉकरमधलं दाखव, सही करून दे, पण कार्ड खिशात ठेव. उद्या सोडायचं ठरवलंस तर ते कार्ड परत मिळवायला हेलपाटे घालावे लागतात, मी घातलेत. शुक्रवारी ट्रायल झाली की कळव, आणि रिव्हर्सला उतरलास का नाही ते आधी सांग.